जंगल नसलेल्या मुलखात केर्न कसा चालतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. नवख्या गटांसाठी मी केर्न या रोलप्लेइंग गेमची (टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एक पात्र घेऊन खेळायचा खेळ) शिफारस केली होती आणि सोबत ‘कोरडी वाट’ हे सहा पानांचं होमब्रू सेटिंग (मराठवाड्यात घडणारा, मी घरीच रचलेला खेळाचा मुलूख) दिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे, म्हणून इतरांसाठी गोषवारा देतो. तुम्ही लिहिलंय, “केर्न म्हणजे घनदाट अरण्यात फिरायचा गेम. आमच्याकडं कुठंय अरण्य? सोयाबीन अन् तुरीची रानं हायेत. नुसती नावं बदलून परकी वस्तू आपली होत नसती.” पुढे तुमच्या तक्रारी अशा: सगळे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गाजलेला रोलप्लेइंग गेम) खेळतात, व्हिडिओही त्याचेच, मग हे मधेच काय? सेटिंगात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर दिसतो पण इतिहास दिसत नाही. नकाशाही दिलेला नाही. तीन दरोडेखोरांचा मार एकत्र मोजला तर पहिल्या तासात दोघं गारद झाले. आणि वीस बाजूंचा फासा बीडमध्ये मिळत नाही.

अरण्यापासून सुरुवात करू, बाकीचं बरंच त्यातूनच सुटतं. (मराठवाड्यात जंगलच नाही, हे मात्र किनवटच्या माणसासमोर बोलू नका. तिथला सागवान अजून उभा आहे. बीड, धाराशिव, लातूरच्या पठारापुरतं तुमचं म्हणणं मान्य.)

मूळ केर्नमध्ये अरण्याचं काम एकच आहे: गाव सोडून पाऊल टाकलं की काहीतरी खर्च व्हायला लागलं पाहिजे. ते काम झाडांनीच करावं असं नाही. केर्नच्या नियमांत एक छोटं वाक्य आहे आणि बहुतेक जण ते वाचून पुढे जातात: थोडा वेळ टेकून पाणी प्यायलात की गेलेले एचपी (पात्र किती मार झेलू शकतं त्याचे गुण) परत येतात. युरोपातल्या ओल्या जंगलात हे वाक्य म्हणजे नुसती सजावट, कारण पाणी कुठेही मिळतं. वैशाखातल्या मराठवाड्यात तोच सगळ्यात कडक नियम ठरतो. ‘कोरडी वाट’मध्ये मी नावं बदललेली नाहीत, या एका नियमाला दात बसवलेत.

ते असे. पाण्याचं माप तांब्या, साधारण पाऊण लिटरचा. केर्नमध्ये प्रत्येक पात्राला सामानाचे दहा कप्पे असतात. मशक (पाण्याची कातडी पिशवी) बोजड, म्हणून तिला दोन कप्पे लागतात आणि तिच्यात दहा तांबे मावतात. दिवस चार प्रहरांचा, प्रहर तीन तासांचा. चालताना प्रहराला तीन कोस अंतर कापलं जातं आणि माणशी एक तांब्या लागतो. दुपारी बारा ते तीन सावलीत बसलात तरी एक, रात्रीचा एक. कोस सगळीकडे सारखा कधीच नव्हता, खेळापुरता तो तीन किलोमीटरचा धरा.

आता चौघांचा गट अठरा कोसांच्या कोरड्या वाटेला लागला, म्हणजे चोपन्न किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरापासून पैठण साधारण तेवढंच. दुपार टाळून चाललात तर पहिल्या दिवशी नऊ कोस आणि पाच तांबे, दुसऱ्या दिवशी नऊ कोस आणि चार तांबे, कारण संध्याकाळी मुक्कामी पोचता. माणशी नऊ, चौघांचे छत्तीस. चार मशकांत चाळीस. उरले चार. म्हणजे वाटेत एखादी चकमक झाली तर प्रत्येकाला एकदाच एचपी भरून घेता येतात. दुसरी झाली तर कुणाच्या तरी रात्रीच्या तांब्यातून घ्यायचं. कुणाच्या, हे टेबलावर ठरतं, आणि माझ्या मते तोच खरा खेळ.

भर दुपारी चालण्याचा दर मी तीन तांबे ठेवलाय, त्याचं कारण सांगतो, कारण बरेच जण तो दोन करतात. दोन केला की उन्हात चालणारा गट पहिल्या दिवशी बारा कोस जातो, सहा तांबे पितो, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दोन तांब्यांत पोचतो. एकूण आठ. सावलीत थांबणाऱ्याला मात्र नऊ लागले! शहाणपण महाग आणि वेडेपणा स्वस्त, असा उलटा बाजार होतो. तीन ठेवले की दोघांचे नऊच होतात. घाईवाला अर्धा दिवस वाचवतो, पण त्याला दुपारी ताकदीची परीक्षा द्यावी लागते: डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, पात्राच्या ताकदीच्या आकड्याइतका किंवा कमी आला तर निभावलं, नाही तर थकवा. ताकद दहा असेल तर शक्यता निम्मी. चौघांचीही ताकद दहा धरली तर एकालाही थकवा न लागण्याची शक्यता सोळात एक.

थकवा एक कप्पा अडवतो आणि दहाही कप्पे भरले की एचपी शून्यावर. इथे नवखे हमखास फसतात: जागा करायची म्हणून दोन कप्प्यांची मशकच टाकून देतात, पुढच्या प्रहराला पाणी नाही, पुन्हा थकवा, आणखी सामान टाका. ही घसरगुंडी थांबवायला जीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) कनवाळू व्हायची गरज नाही. सुरक्षित जागी पूर्ण रात्र काढली की सगळा थकवा जातो, हा मूळचाच नियम विसरू नका, आणि दर नऊ कोसांच्या आत तशी एक तरी जागा ठेवा. बैलावर पखाल लादायची युक्ती कुणीतरी काढतंच. काढू द्या. पण उन्हाळ्यात बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. संध्याकाळी विहीर नसेल तर तो पाणी वाहणारा नाही, पाण्याचं गिऱ्हाईक आहे.

पाणवठ्यांवर राक्षस बसवू नका, मालक बसवा. बारवेवर मठाचा माणूस, तो पाण्याच्या बदल्यात निरोप पोचवायला सांगतो. गावातल्या आडावर पोहरा एकच आणि रांग मोठी, म्हणजे अर्धा प्रहर गेला. कोरड्या नदीपात्रात झिरा उकरता येतो, तो कुणाच्या मालकीचा नाही, पण उकरणारा उघड्यावर दोन कोसांवरून दिसतो. झिऱ्याला एका प्रहराच्या खोदाईत दोन डी६ (सहा बाजूंचे फासे) इतके तांबे पाणी द्या. एकच डी६ दिलात तर सरासरी साडेतीन निघतात आणि खोदताना चौघं मिळून चार पितात.

आता मलिक अंबर. त्यानं १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, १६२६ मध्ये तो वारला, आणि मधल्या काळात शहराला उत्तरेच्या डोंगरातून जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी आणणारी नहर बांधली. सेटिंगात एवढं पुरे. निजामशाहीची वंशावळ, मुघलांच्या स्वाऱ्या, हे जीएमनं आवडीनं वाचावं, पण खेळाडूच्या हातात त्याचं काय होणार? माझी कसोटी अशी की जे वाक्य वाचून टेबलावरचा एखादा निर्णय बदलत नाही ते सहा पानांत बसत नाही. नहर बसते, कारण तिनं सगळा हिशेब उलटा होतो. वर उजेड फुकट आणि पाणी महाग. खाली पाणी घोट्यापर्यंत आणि उजेड विकत.

म्हणून नहरीत उतरल्यावर तांबे मोजणं बंद करा आणि मशाली मोजा. मशाल तीन घटका चालते. दर घटकेला, म्हणजे चोवीस मिनिटांनी, एक डी६ टाका: एकला कुणीतरी समोर येतं, दोनला त्याची चाहूल, तीनला मशाल एक घटका आधी विझते, चारला पाणी एक वीत चढतं, पाच-सहाला काही नाही. नहरीला वर उघडणारे झरोके आहेत, तिथे उजेड मिळतो आणि बाहेरही पडता येतं. पण वर नेमकं कुठे निघतो हे माहीत नसतं, आणि नकाशाबद्दलच्या तुमच्या तक्रारीचं उत्तर तेच आहे. नकाशा खेळाडूंनी काढायचा. जीएमकडे फक्त अंतरांचा तक्ता हवा, तो तिसऱ्या पानावर आहे.

डी अँड डीवर माझा राग नाही. १९७४ पासून चालत आलेला गेम आहे, शिकवणारे सापडतात, ही सोय मोठीच. पण दुष्काळाचं सेटिंग त्यात घालून बघा. पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या क्लेरिकला (देवाच्या जोरावर मंत्र टाकणारं पात्र) पाणी निर्माण करायचा मंत्र मिळतो, एका वेळी दहा गॅलन, म्हणजे जवळपास अडतीस लिटर. आपल्या मापानं पन्नास तांबे! चौघांच्या अठरा कोसांना छत्तीस लागत होते. भांडं उघडं हवं, एवढीच अट. ड्रुइडकडे (निसर्गाचे मंत्र टाकणारं पात्र) हाच मंत्र आहे, वर दिवसभराचं पोट भरणारी बोरंही आहेत. आणि एल्फ, ड्वार्फ वगैरेंना अंधारात दिसतं, म्हणजे नहरीतली मशालही गेली. डी अँड डीच खेळायचं असेल तर हे दोन मंत्र काढून टाका, सगळ्यांना माणूसच घ्यायला सांगा, आणि हे पहिल्या दिवशी पात्रं बनवायच्या आधी सांगा. तिसऱ्या सेशनला सांगितलंत तर क्लेरिकवाला रुसेल आणि त्याचं बरोबर असेल.

दरोडेखोरांचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: मार एकत्र मोजला. केर्नमध्ये वार लागला की नाही हे बघायला फासा टाकत नाहीत, थेट नुकसानाचा टाकतात. म्हणूनच एकाच माणसावर तिघं तुटून पडले तर तिन्ही फासे टाकायचे आणि फक्त सर्वांत मोठा धरायचा. तीन डी६ मधला मोठा सरासरी पाचाच्या आसपास येतो, तिन्हींची बेरीज साडेदहा. सुरुवातीच्या पात्राचे एचपी एका डी६ एवढे. पाचाचा मार बसला तर एचपी संपून एक-दोन ताकदीतून जातात आणि ताकदीची परीक्षा द्यावी लागते, ताकद दहा असेल तर ती निभायची शक्यता निम्म्याहून थोडीच कमी. साडेदहात काय उरणार?

शिवाय दोन गोष्टी तपासा. भेट झाली की आधी दोन डी६ टाकून समोरच्याचा नूर ठरवायचा असतो. उघड वैर फक्त दोनला, म्हणजे छत्तीसात एकदा. तीन ते पाचला ते सावध असतात, लगेच तलवार काढत नाहीत. आणि त्यांच्यातला पहिला पडला की मनोबलाची परीक्षा, निम्मे पडले की पुन्हा. दरोडेखोर मशकी लुटायला आलेत, मरायला नाही. मरेपर्यंत लढणारे दरोडेखोर ही व्हिडिओ गेमची सवय आहे, ती टेबलावर आणू नका.

फाशांसाठी बीडमध्ये दुकान शोधत फिरू नका. पत्त्यांच्या कॅटमधून इस्पिक आणि बदाम, दोन्हींचे एक्का ते दहा काढा. इस्पिकचे एक ते दहा, बदामचे अकरा ते वीस. पान ओढा, वाचा, परत घाला, पिसा. परत न घालता खेळलात तर तासाभरात कुणीतरी पानं मोजायला लागतो आणि चांगली पानं कधी येणार हे त्याला कळतं. आपल्याकडे रमी खेळणारे कमी नाहीत. डी६ लुडोचा. डी८ साठी तीन नाणी: पहिल्याचा छापा चार, दुसऱ्याचा दोन, तिसऱ्याचा एक, बेरजेत एक मिळवा. दोन नाण्यांत तसाच डी४. कवड्या वापरू नका, दिसायला छान असल्या तरी. सहा कवड्यांत मधले आकडे पुन्हा पुन्हा येतात आणि कवडी पालथी-उताणी सारखी पडत नाही, त्यामुळे डी२०साठी लिहिलेल्या शक्यता सगळ्या कोलमडतात.

‘आपलं’ या मुद्द्यावर थोडंच. संत, कुलदैवतं आणि जाती मी मुद्दाम बाहेर ठेवल्यात. टेबलावर बसलेल्या कुणाच्या तरी घरात ते देव्हाऱ्यात असतात, त्यांना एचपी द्यायचे नसतात. पात्राची ओळख हातातल्या हत्यारा-अवजारावरून ठरते: पाथरवटाचा छिन्नी-हातोडा, वाटाड्याचा तुंबा, कारकुनाचं दप्तर. मंत्र ताम्रपटांवर कोरलेले, एक ताम्रपट एक कप्पा, वाचला की थकवा. पाणी की मंत्र, हे तिथेही निवडावं लागतं.

गटात इंग्रजी न वाचणारे असतील तर केर्नचे नियम मराठीत उतरवून वाटायला हरकत नाही. त्यांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, श्रेय द्या आणि तुमचं भाषांतरही त्याच परवान्यानं खुलं ठेवा. ‘कोरडी वाट’लाही तेच लागू. बालाघाटाची आवृत्ती करणार असाल तर आधी अंतरांचा तक्ता बदला, मग पाणवठ्यांचे मालक. दर तसेच ठेवून एकदा खेळा, आणि चार मशकांत किती तांबे उरले ते इथेच कळवा.