येरवडा म्हणजे नेमकं कुठलं?

इंग्लंडातल्या बर्कशायरमध्ये राहायला आलो त्याच्या पहिल्याच सोमवारी सकाळी दहाला जोरात भोंगा वाजला. मी घाबरून बाहेर आलो, तर शेजारच्या आजीबाई निवांत झाडांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, काही नाही, ब्रॉडमूरवाले भोंगा तपासतात. ब्रॉडमूर म्हणजे क्रोथॉर्न गावातलं, १८६३ साली सुरू झालेलं, कडेकोट बंदोबस्ताचं मनोरुग्णालय. १९५२ साली तिथून एकजण पळाला आणि काही तासांत त्यानं एका लहान मुलीचा जीव घेतला. त्यानंतर आसपासच्या गावांत हे भोंगे बसले. आता ते बंद झालेत.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे येरवड्याशेजारीच घर घेतलंस की!" पुणेकरांचा येरवडा दुहेरी आहे, तुरुंगही तिथला आणि मनोरुग्णालयही. "याला येरवड्याला पाठवा" असं कुणी म्हटलं तर नेमकं कुठे, हे विचारायला हवं. सहसा कुणी विचारत नाही.

ब्रॉडमूरच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक डॅनियल मॅकनॉटन होता. सरकार पक्ष आपल्या मागे लागलाय या भ्रमात त्यानं जानेवारी १८४३ मध्ये पंतप्रधान पील यांच्या सचिवाला, ड्रमंडला, गोळी घातली. ज्यूरीनं त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं आणि देशभर गहजब झाला. मग न्यायाधीशांनी नियम घालून दिला: कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळण्याची शक्तीच आजारानं हिरावली असेल तरच सुटका. मॅकनॉटन १८६५ मध्ये ब्रॉडमूरमध्येच वारला. त्याच्या नावचा नियम मात्र भारतात आला, १८६०च्या दंडसंहितेत कलम ८४ झाला आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून नांदतोय.

ज्या इंग्लंडात तो नियम झाला तिथंच १९५७ मध्ये कायद्यानं खुनापुरती एक मधली पायरी बांधली. माणूस पूर्ण वेडा नाही, पण आजारानं त्याची जबाबदारी कमी झालीय असं ठरलं, तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर येतो आणि न्यायाधीश त्याला रुग्णालयात पाठवू शकतो. आपल्याकडे ती पायरी नाहीच. एकतर कलमात पूर्ण बसा, नाहीतर खुनी.

स्वारगेट आठवा. २५ जानेवारी २०१२, संतोष माने या एसटी चालकानं डेपोतून बस काढली आणि सकाळच्या गर्दीत नऊ जणांना चिरडलं. रात्रपाळी बदलून मिळाली नाही म्हणून, असं पुढे आलं. वेडाचा बचाव टिकला नाही. फाशीची शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. सात वर्षं पुण्यातल्या कट्ट्यांवर एकच वाद रंगला, वेडा की नाटकी? दोन्ही नसून तिसरंच काही असू शकतं, ही शक्यता कायद्यातच नव्हती, मग कट्ट्यावर कुठून येणार?

इथं इंग्लंडात सगळं आलबेल आहे असंही नाही. जून २०२३ मध्ये नॉटिंगहॅमला एका तरुणानं तिघांना भोसकून मारलं. त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा मनोविकार, होता. मधल्या पायरीमुळे जानेवारी २०२४ मध्ये तो तुरुंगाऐवजी कडेकोट रुग्णालयात गेला. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं लिहिलं, "तुमच्याकडे बरंय राव, मुडदे पाडा आणि दवाखान्यात झोपा." मी लिहिलं, बाबा रे, रुग्णालयात ठेवायच्या या आदेशाला शेवटची तारीख नसते, सुटका होईलच असं नाही. पण मारल्या गेलेल्यांच्या घरचेही त्या मित्रासारखंच म्हणत होते, त्यांना मी काय सांगणार होतो?

मला त्या निकालात खोट दिसत नाही. खोट आधीची आहे. तो तरुण चारदा रुग्णालयात भरती झाला होता. सुईची नावड म्हणून त्याला दीर्घ परिणामाचं इंजेक्शन दिलं नाही. तो भेटींना येईना, म्हणून २०२२ मध्ये मनोरुग्णसेवेच्या यादीतूनच त्याचं नाव काढलं. पोलिसांचं अटक वॉरंट तसंच पडून होतं. फायदा काय त्या मधल्या पायरीचा, ती तीन प्रेतं पडल्यावर लागणार असेल तर?

बहुतेक मनोरुग्ण कुणाच्या अंगाला बोट लावत नाहीत. उलट तेच जास्त मार खातात. उपचार सुटले आणि वर दारू-गांजा आला की काहींच्या बाबतीत धोका वाढतो, हेही खरं, ते लपवू नये. पण आपली वर्तमानपत्रं एकाच शब्दात सगळं उरकतात. एकतर्फी प्रेमातून चार दिवस पाळत ठेवून कोयता चालवणाराही 'माथेफिरू' आणि कानात आवाज ऐकू येणाराही 'माथेफिरू'. पहिल्याचं डोकं चांगलं ठिकाणावर असतं हो! त्याला हा शब्द बहाल केला की त्याचा गुन्हा हलका होतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसती भीती येते.

त्या रात्री ग्रुपवर हसण्याचे पिवळे चेहरे धडाधड पडले. एकजण गप्प होता. त्याच्या धाकट्या भावाला वीस वर्षांपासून हाच स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या वेळी पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जेवलो. काकू पंचाहत्तरीच्या आहेत. मुलगा गोळी थुंकतो, म्हणून कुटून ताकात घालतात आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून उठत नाहीत. हे बरोबर की चूक, मला ठरवता आलं नाही. सगळ्यांआधी उठून त्या सकाळचा पेपर वाचतात. पहिल्या पानावर 'माथेफिरू' दिसला, की घडी करून गादीखाली सारतात आणि मुलाला सांगतात, आज पेपरवाला आला नाही रे.