नाकपुड्या किती?

मुलीच्या शाळेने प्रकल्प दिला : ‘आपल्या परिसरातील एक सजीव’. नाव, मूळ स्थान, वैशिष्ट्ये, चित्र. सोमवारी द्यायचा. शहाण्या घरची मुलं अशा वेळी तुळस लिहून मोकळी होतात. आमच्या कन्येला शनिवारी सकाळी उपवन तलावाच्या पायरीवर मासा हवासा झाला. ती घरून चहाची गाळणी घेऊन आली होती, हे मला तिथे कळलं. तिच्या आईला अजून कळलेलं नाही.

मासा दोन पेरांएवढा. राखाडी, अंगावर उभे फिकट पट्टे, आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या बाजूला एक काळा ठिपका. ‘‘बाबा, याचं नाव काय?’’

आता ठाणं हे तलावांचं शहर. मासुंदा, कचराळी, आंबेघोसाळे, रायलादेवी ही नावं आम्हाला आत्या-मावश्यांच्या नावांसारखी पाठ. पण त्यांच्या पोटात काय पोहतं, याची चौकशी कुणी केलेली नाही. तलावपाळीवर आपण भेळ खायला जातो. मी म्हटलं, ‘‘घरी जाऊन बघू.’’ हे वाक्य बापांना फार उपयोगी पडतं.

वाटेत मासळी बाजार लागला. ओळखीच्या मावशींपुढे लोणच्याची बरणी धरली. सुरमईच्या तुकड्या पाडता पाडता त्यांनी एक डोळा टाकला. ‘‘चिलापी हाय ती. पिल्लू हाय. सोडून ये जा.’’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मला पटलं नाही. चिलापी म्हणजे उजनीची, तळहाताएवढी, मसाला लावून तव्यावर चरचरणारी. हे पट्ट्यापट्ट्यांचं नाजूक प्रकरण चिलापी कसं असेल? शिवाय मावशींनी ते फुकट सांगितलं होतं. फुकट मिळालेल्या माहितीवर माझा विश्वास बसत नाही.

इमारतीच्या दारात तळमजल्यावरचे काका भेटले. काका १९७१ साली चिपळूणहून ठाण्यात आले. तेव्हापासून ते मूळ ठाणेकर आहेत. ‘‘गप्पी!’’ त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं. ‘‘डासांच्या अळ्या खातो. गटारात सोडतात. याला मागच्या गटारात टाक, डास कमी होतील.’’ कन्येने बरणी पाठीमागे लपवली.

मत्स्यालयाच्या दुकानदाराने मात्र बरणीकडे आदराने पाहिलं. मासा दुर्मीळ आहे, असं तो म्हणाला. नाव सांगितलं नाही. दुर्मीळ माशाला हवेचा पंप लागतो, रंगीत खडे लागतात, आणि तो एकटा ठेवला तर उदास होतो, एवढं सांगितलं. मी पंप घेऊन बाहेर पडलो.

मग मी आयुष्यातली एक मोठी चूक केली. माशाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘‘हा मासा सापडला. कुणी ओळखेल का?’’ कुठे सापडला, ते लिहायचं राहिलं.

पहिली पाच मिनिटं नमस्काराचे हात आले. मग बी विंगमधून प्रश्न आला : ‘‘टाकीत सापडला का?’’ त्याखाली, ‘‘टाकी शेवटची कधी धुतली?’’ त्याखाली, ‘‘तरीच परवापासून डाळ शिजत नाहीये.’’ मी घाईघाईने ‘उपवन, उपवन’ असं दोनदा लिहिलं. पण तोवर ग्रुपवर बत्तीस निरोप पडले होते आणि माझं उपवन त्यांच्याखाली गडप झालं होतं. अर्ध्या तासात पाण्याचे जार चढवणारा पोऱ्या जिन्यात दिसू लागला. सेक्रेटरी स्वतः बॅटरी घेऊन गच्चीवर गेले, टाकीत डोकं घालून आले आणि खाली येऊन म्हणाले, ‘‘आत आता काही नाही.’’ त्या ‘आता’ने उरलासुरला घात केला. रात्री तातडीची सभा भरली. टाकी धुण्याचा खर्च कुणाच्या नावावर पडला, ते सांगत नाही.

एवढ्या गोंधळात मासा ओळखायचा राहिलाच. शेवटी रविवारी नौपाड्यातल्या नानामामांकडे गेलो. बायकोचे मामा; प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चहा विचारला नाही. बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, ‘‘नाकपुड्या किती?’’

‘‘कुणाच्या?’’

त्यांनी पंचांग वाचायचं भिंग माझ्या हातात दिलं. रोहूसारख्या माशाला एकेका बाजूला दोन-दोन छिद्रं असतात. सिक्लिड घराण्यात एकेकच. मी पाऊण तास त्या माशाच्या नाकाकडे पाहत होतो आणि तो माझ्या. अखेर एकेकच ठरली. मग पाठीवरच्या पराचे काटे मोजायचे होते; पण पर मिटलेला. ‘‘त्याला राग आण,’’ मामा म्हणाले. रागावला की पर फुलवतो. बायकोच्या पर्समधला आरसा बरणीला लावला. आपल्यासारखाच कुणी शेजारी राहायला आलाय, हे पाहून मासा भडकला. मी सोळा काटे मोजले, कन्येने सतरा. ‘‘पंधरा ते सतरा, चालेल,’’ मामा म्हणाले. इतका उदार प्राध्यापक मला कॉलेजात भेटला नाही.

मग त्यांनी फ्रान्सिस डे साहेबाचे १८८९ सालचे जाडजूड खंड काढले. हिंदुस्थानातले मासे, सगळे. तासभर पानं उलटली. हा गडी कुठेच नाही. मामांचा चेहरा उतरला, आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘असेल कसा? हा इथे आलाच मुळी १९५२ साली!’’

मासा आफ्रिकेचा. मोझांबिकचा. पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली त्याचं बारसं केलं, म्हणजे ठाण्याला पहिली आगगाडी यायच्या आदल्या वर्षी. पुढे शंभर वर्षांनी तो खाण्यासाठी म्हणून भारतात आणला गेला, आणि इथल्या माशांना बाजूला सारत पसरला. पाठीवरचा तो काळा ठिपका ही बाळपणची खूण. आपण लावतो तशी तीट. मोठा झाला की जाते. आई अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्या दिवसांत जेवतही नाही.

‘‘आमच्याकडे पिल्लंच आईचं डोकं खातात,’’ बायको म्हणाली.

मी हळूच विचारलं, ‘‘मामा, मग ही चिलापीच का?’’

‘‘हो, तिलापियाचं लोकांनी चिलापी केलं. तुला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी नाही.’’

परतताना मासा उपवनात, त्याच पायरीवर सोडला. बरणी मोकळी झाली, पंप तेवढा उरला. काकांना मुद्दाम गाठून सांगितलं की, हा पाहुणा भारतात येऊन तुमच्या ठाण्यापेक्षा एकोणीस वर्षं जास्त झाली. काका म्हणाले, ‘‘तरी मी गप्पीच म्हणणार.’’

रात्री कन्येने प्रकल्प लिहिला. नाव : चिलापी. मूळ स्थान : मोझांबिक. सध्या मुक्काम : ठाणे (पश्चिम). वैशिष्ट्ये : फक्त दोन नाकपुड्या.

मंगळवारी वही परत आली. बाईंनी लाल शाईने शेरा मारला होता : ‘नाकपुड्या सर्वांनाच दोन असतात. वैशिष्ट्य लिहिणे.’