मामीने रोज क्लिक केलं म्हणून मामाचं गिऱ्हाईक वाढत नाही

रविवार पेठेत माझ्या मामाचं शिलाई मशीन विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. परवा त्याच्या घरी गेले, तर मामी एकीकडे चहा उकळत होती आणि दुसरीकडे मोबाईलवर आपल्याच दुकानाची गूगलवरची जाहिरात शोधून तिच्यावर क्लिक करत होती. "रोज करायचं असतं गं. नाशिकची ताईपण करते. ग्रुपवर आलंय."

ग्रुपवर आलेला तो मेसेज मी वाचला. सीटीआर, म्हणजे जाहिरात जितक्यांदा दिसली त्यापैकी जितक्यांदा क्लिक झाली ती टक्केवारी, दहाच्या वर नेली की धंदा आपोआप वाढतो. त्यासाठी घरच्यांनी रोज क्लिक करावं, मग क्वालिटी स्कोअर, म्हणजे जाहिरातीच्या दर्जाला गूगल देतं ते गुण, वाढतो आणि गूगल क्लिकमागचा दर उतरवतं. कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची ते शब्द, भरपूर टाकावेत, सगळे ब्रॉड ठेवावेत, म्हणजे त्यांच्याशी संबंधित इतर शोधांवरही जाहिरात दिसते. स्वतःच्या दुकानाच्या नावावर जाहिरात लावू नये.

आधी घरच्यांच्या क्लिकचं बोलू, कारण तिथे रोज पैसे जातायत. असे क्लिक ओळखू आले की गूगल ते 'इनव्हॅलिड' म्हणून गाळतं. त्यांचे पैसे लागत नाहीत आणि ते सीटीआरमध्येही धरले जात नाहीत, म्हणजे फायदा शून्य. ओळखू आले नाहीत तर प्रत्येक क्लिकचे पैसे मामा भरतो. नाशिकची ताई वेगळ्या फोनवरून, वेगळ्या नेटवर्कवरून दिवसातून एकदाच क्लिक करते. ती गिऱ्हाईक नाही हे कोण ओळखणार? मामाने पुणे निवडलं असूनही तिला जाहिरात दिसते, कारण गूगलचं मूळ सेटिंग पुण्यात असलेल्यांबरोबर पुण्याबद्दल शोधणाऱ्यांनाही धरतं. ते बदलावं लागतं, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

दर उतरतो का? अर्धं खरं आहे, मान्य करते. जाहिरात चांगली असेल तर त्याच जागेसाठी कमी पैसे पडू शकतात आणि 'अपेक्षित सीटीआर' हा त्या चांगलेपणाचा एक भाग आहे. पण एकच. जाहिरात शोधाला किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, हेही बघितलं जातं. आणि ज्या क्वालिटी स्कोअरचा मेसेजमध्ये एवढा गाजावाजा आहे, तो लिलावात, म्हणजे कुणाची जाहिरात कुठे दाखवायची हे गूगल ठरवतं तेव्हा, वापरलाच जात नाही, तो निदानापुरता आहे, असं गूगलच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय. गेल्या ९० दिवसांत त्याच कीवर्डवर दिसलेल्या इतर जाहिरातदारांशी तुलना करून तो ठरतो. मग सगळ्यांना एकच दहा टक्क्यांची रेघ कुठून आली?

आता ब्रॉड कीवर्ड. मामाने 'शिलाई मशीन' हा कीवर्ड ब्रॉड ठेवला होता. मी 'सर्च टर्म्स'चा रिपोर्ट उघडला. लोकांनी काय टाईप केल्यावर जाहिरात दिसली, ते त्यात कळतं. वरच्या ओळी अशा: मोफत शिलाई मशीन योजना, फ्री सिलाई मशीन फॉर्म, शिलाई मशीन अनुदान. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, त्यामुळे बायका हे शोधणारच. त्या क्लिक करतात, फॉर्म दिसत नाही, निघून जातात. सीटीआर मात्र झकास! मामाला वाटत होतं, जाहिरात चाललीय.

आणि 'ओव्हरलॉक मशीन दुरुस्ती पुणे' या शोधावर महिन्यात सातच क्लिक. मामाच्या वहीत, जिथे तो 'कुठून कळलं' हे लिहून ठेवतो, त्या सातांपैकी दोघींची नावं आहेत. दोघी मशीन घेऊन दुकानात आल्या होत्या.

'मोफत', 'फ्री', 'योजना', 'अनुदान' हे शब्द मी त्याच दिवशी निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत, टाकले. मराठीत एकदा, रोमन अक्षरांत एकदा, कारण निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द स्वतःहून धरत नाही आणि लोक दोन्ही प्रकारे टाईप करतात. मग दुरुस्तीचे कीवर्ड ब्रॉडऐवजी फ्रेझ आणि एक्झॅक्ट केले, म्हणजे साधारण तेच शोधणाऱ्यांना जाहिरात दिसेल. सीटीआर खाली येईल, घाबरू नकोस, हे मामाला आधीच सांगून ठेवलंय.

नावावरच्या जाहिरातीचं थोडक्यात: आपलं नाव शोधल्यावर वर दुसऱ्याची जाहिरात येत नसेल तर नका लावू, येत असेल तर लावा.

मामीला क्लिकऐवजी दुसरं काम दिलंय. फोन आला की गिऱ्हाइकाने गूगलवर काय शोधलं होतं ते विचारायचं आणि वहीत मामाच्या नोंदीशेजारी लिहायचं. नाशिकच्या ताईला मी स्वतः फोन केला.