डेमोत मी कास्टर का मारत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

वॉरमशीन या टेबलावर छोट्या मॉडेल्सच्या फौजा मांडून खेळायच्या युद्धखेळाला नवे खेळाडू कसे मिळवावेत, यावरच्या माझ्या लेखाखाली एक झणझणीत प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी सारांश असा: डेमो गेममध्ये, म्हणजे नवख्याला खेळ दाखवायच्या सामन्यात, समोरच्याचा वॉरकास्टर (फौजेचा सेनापती) मुद्दाम जिवंत ठेवणं ही नवख्याची फसवणूक आहे, डेमो खेळून गेलेले लोक दुसऱ्यांदा का येत नाहीत हे मी सांगतच नाही, रंगवलेल्या मॉडेल्सचा आग्रह म्हणजे नुसते चोचले, आणि लेखाच्या फोटोतली, मॉडेल्सचे आकडे दाखवणारी कार्डं जुनी आहेत. शेवटी "काका, खेळ मेलाय, आता तरी सोडा" आणि पुढे एक हसरा चेहरा.

कार्डांचं आधी मिटवतो. बरोबर पकडलंत. ती 2010 च्या दुसऱ्या आवृत्तीची आहेत. फोटोखाली आता तसं लिहिलंय.

आता 'फसवणूक'. हा शब्द तुम्ही एका वाक्यात टाकून मोकळे झालात, पण मला तो असा सोडता येत नाही. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वॉरमशीनमध्ये दोन्ही बाजूंना एकेक वॉरकास्टर असतो. तोच आपला फोकस, म्हणजे जादुई शक्ती, वॉरजॅक्सना (वाफेवर चालणाऱ्या युद्धयंत्रांना) वाटतो आणि तो मेला की सामना तिथेच संपतो, मग टेबलावर तुमची बाकी सगळी फौज धडधाकट उभी असली तरी. अनुभवी खेळाडूला यातच मजा येते. नवखा मात्र हौसेनं कास्टर दोन पावलं पुढे सरकवतो, मी दुसऱ्याच टर्नला त्याला टिपतो आणि त्याचा डाव आटोपतो. मॉडेल्स मांडायला लागला त्याहून कमी वेळात! यातून तो काय शिकला?

मी नियम लपवत नाही. पहिलं मॉडेल हलवायच्या आधीच सांगतो की कास्टर मेला की खेळ संपला. लेखात ते लिहिलंय, पण तिथवर आपण पोचला नसावात. मी फक्त तो घाव घालत नाही. माझे जॅक्स त्याच्या जॅक्सवर सोडतो, म्हणजे त्याला दोन फासे आणि कार्डावरचा आपला आकडा मिळवून समोरच्याच्या बचावाचा आकडा गाठायचा कसा, हे हातानं कळतं. फोकस खर्चून तिसरा फासा घ्यायचा की पुढच्या हल्ल्यासाठी राखायचा, यावर तो डोकं खाजवतो. जॅकच्या नुकसानीच्या तक्त्यात डाव्या हाताचे चौकोन भरले आणि त्या हातानं मारताना एक फासा कमी झाला, की त्याचे डोळे चमकतात. आणि एक जॅक दुसऱ्या जॅकला उचलून फेकू शकतो हे कळल्यावर तर समोरचा खुर्चीत बसतच नाही. यातलं काहीही दुसऱ्या टर्नला संपलेल्या गेममध्ये दिसत नाही.

तुमचा सूर मात्र मला ओळखीचा वाटला. 2003 च्या पहिल्या नियमपुस्तकातलं पान 5 ज्यांनी वाचलंय त्यांनाही वाटेल. रडूबाईंनी हा खेळ खेळू नये, असा त्या पानाचा एकूण आव होता. तेव्हा आम्हीही त्या पानावर खूश होतो. धातूच्या जड जॅक्सचे खांदे पिना घालून जोडण्यात मी रात्री घालवल्या आहेत, त्यामुळे 'यांना स्पर्धात्मक खेळ कळत नाही' हे निदान मला तरी ऐकवू नका. त्या ताठ्यामुळे किती लोक एका सामन्यानंतर मॉडेल्स विकून निघून गेले, हे मी समोर उभं राहून पाहिलंय. त्यातल्या काहींना हरवणारा मीच होतो.

'खेळ मेलाय' यावर काय बोलायचं! 2016 ची तिसरी आवृत्ती आल्यावर लोक गळाले, डेमो देणाऱ्या स्वयंसेवकांची योजना बंद झाली, हे मलाही ठाऊक आहे. पण 2022 मध्ये चौथी आवृत्ती आली आणि 2024 मध्ये स्टीमफोर्ज्ड गेम्सनं अख्खा खेळ विकत घेतला. मढं विकत घ्यायला कोणी पैसे मोजत नाही.

रंगाबद्दल वाद घालत नाही. राखाडी प्लास्टिक आणि रंगवलेली फौज शेजारी ठेवा आणि जाणारा-येणारा कुठे थांबतो ते बघा. लोक दुसऱ्यांदा का येत नाहीत, हा वेगळा विषय आहे, त्यावर नंतर कधीतरी.

आणि ते 'काका' माझे पुतणे म्हणतात. आपली ओळख नाही. पुढच्या वेळी टीका अवश्य करा, पण नाव लिहून करा, आणि तुम्ही स्वतः आजवर किती जणांना हा खेळ शिकवलात तेही लिहा.