चौथा नंबर आणि चार बोटं

आज सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या एका मैदानावर शाळकरी मुलींची दोनशे मीटर झाली. तिसरी आणि चौथी जवळजवळ एकत्रच आल्या. फरक एवढाच, की चौथीने लाईनवर मान वळवून शेजारच्या लेनकडे बघितलं. काठावरून तिचे वडील ओरडले, "चौथा नंबर घरी नेऊन काय करू?" पोरगी खाली मान घालून स्पाइक्सची गाठ सोडत बसली. सुटेना.

डोकं सटकलंय, म्हणून लिहितेय.

अहो साहेब, पी. टी. उषा चौथीच आली होती. लॉस एंजेलिस, 8 ऑगस्ट 1984. बायकांची चारशे मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होती. तिसरी आलेली रोमानियाची कोजोकारू 55.41 सेकंद, उषा 55.42. आपल्याकडच्या स्टॉपवॉचवर दोघींनाही 55.5 लिहिलं असतं, कारण हाताने घेतलेली वेळ वरच्या दशांशाला नेतात. शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला सातेक सेंटीमीटर. चार बोटं!

आणि ती चार बोटं कुठे गेली? अडीच फुटांची दहा हर्डल्स. पहिलं 45 मीटरवर, मग दर 35 मीटरला एक, शेवटच्या हर्डलनंतर 40 मीटर मोकळे. पाय शिशाचे होतात ते तिथेच. ऑलिंपिक व्हिलेजमध्ये पेज आणि लोणच्यावर भागवलं, शेवटी त्याचाच फटका बसला, असं उषानेच पुढे सांगितलंय. वर लाईनवर छाती मागे राहिली. डोकं, हात, पाय आधी पोचून उपयोग नसतो, निकाल धडावर लागतो.

मेडल ते मेडल, मान्य. चौथ्याला पोडियम नसतो.

पण पय्योळीची ही पोरगी 1980 साली सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिकला शंभर मीटर पळून आली होती. चौथ्या नंबराच्या पुढच्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पाच सुवर्णं: 100, 200, 400, 400 हर्डल्स आणि रिले. त्याच्या पुढच्या वर्षी सोलच्या एशियाडमध्ये चार. लग्न झालं, मूल झालं, आणि 1998 ला चौतिसाव्या वर्षी फुकुओकाच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत 200 आणि 400 ला ब्राँझ! आपल्या हरसूलकडची धावपटू कविता राऊत 'सावरपाडा एक्सप्रेस' झाली, ते नाव उषाच्या 'पय्योळी एक्सप्रेस'वरूनच आलं ना?

असो. राग ओसरला. आता त्या वडिलांसाठी कामाचं.

मान वळली की खांदा मागे जातो. दोन्ही हात वर करून लाईन ओलांडली तरी तेच, छाती मागे. काही पोरी उडी मारतात, हवेत वेग वाढत नाही. डिप, म्हणजे लाईनवर छाती पुढे झोकणं, फक्त शेवटच्या पावलाला घालायचा. हात झटक्यात मागे, छाती पुढे, नजर सरळ. पाच मीटर आधीच वाकली तर पाऊल आखूड पडतं आणि हातातली जागा जाते. लाईनच्या पुढे दहा मीटरवर खुणेचा एक कोन ठेवा आणि तिथपर्यंत पळायला सांगा. आठवड्यातून दोनदा, तीस मीटरचे पाच-सहा स्प्रिंट, पाय ताजे असताना. दमल्यावर करून घेतलं तर चुकीचंच अंगात बसतं.

आणि तिला तिचा टाइम विचारा. सकाळी कुणी विचारलाच नाही.