सी सापडला म्हणून अपॉइंटमेंट कॅन्सल?

परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. पॅरिसच्या कुणा प्राध्यापकाच्या नावावर फिरतो तो. साठीनंतर नावं विसरणं म्हणजे आजार नव्हे. 'मला विसरायला होतं' असं जो स्वतः म्हणतो त्याला अल्झायमर नसतोच. आणि खाली कोडं. ओंच्या रांगांत एक सी शोधा, नवांत सहा, एमच्या गर्दीत एन. तिन्ही सापडले तर मेंदू ठणठणीत, न्यूरोलॉजिस्टकडे जायला नको. ग्वाल्हेरला जनकगंजात राहणाऱ्या आमच्या आत्याला तिन्ही सापडले. लगेच दादा: 'आई पास! शुक्रवारची अपॉइंटमेंट कॅन्सल.' त्याखाली अकरा अंगठे.

आधी कोड्याचंच बोलू. ओ आणि सी डोळ्यांसमोर छापलेले आहेत, त्यात लक्षात काय ठेवायचंय? फार तर नजर आणि लक्ष तपासलं जातं. अल्झायमरमध्ये सुरुवातीला मार बसतो तो मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागाला, म्हणजे नवीन गोष्ट साठवण्यालाच. म्हणून डॉक्टर तीन-चार शब्द सांगतात, मध्ये भलतंच काही करायला लावतात आणि मग ते शब्द विचारतात. नाही आठवले तर खूण देतात, 'त्यात एक भाजी होती ना?' डिमेन्शिया म्हणजे मेंदूचं काम ढासळत जाणं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन आलेल्या डिमेन्शियात बऱ्याचदा एवढ्यावर शब्द सापडतो. अल्झायमरमध्ये खुणेचा फारसा उपयोग होत नाही, कारण शब्द आत गेलेलाच नसतो. आत्याने सी दहा सेकंदांत शोधला. तासाभराने मी विषय काढला तर म्हणाली, "कसलं कोडं गं?" हे मात्र ग्रुपवर कुणी टाकलं नाही.

'ज्याला स्वतःला कळतं त्याला आजार नाही.' यात अर्धं खरं आहे, मान्य. आजार वाढला की अनेकांना आपलं विसरणं जाणवेनासं होतं. पण म्हणून ज्याला जाणवतंय तो निरोगी, हे कुठलं गणित? अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग आणि अल्झायमर्स असोसिएशनचे २०११चे निकष काढून बघा. डिमेन्शियाच्या आधीच्या पायरीसाठी पहिलीच अट आहे की बदलाबद्दल चिंता कुणीतरी बोलून दाखवलेली असावी: रुग्णाने, घरच्यांनी किंवा डॉक्टरने. रुग्णाने. आत्या दिवाळीपासून तेच सांगतेय.

नावांचं म्हणाल तर, नाव जिभेवर अडकून संध्याकाळी आठवलं, तर तेवढ्याने घाबरू नये. ठीक.

आणि डिमेन्शिया म्हणजे फक्त विसरणं, हे मेसेजने गृहीतच धरलंय. आमच्या शेजारच्या काकांना तानसेन समारोहात कोणत्या साली कोण गायलं ते तोंडपाठ आहे. पण संध्याकाळी त्यांना सोफ्यावर अनोळखी मुलं बसलेली दिसतात. त्यांना लेवी बॉडी डिमेन्शिया आहे. त्यात भास, झोपेत हातपाय झाडणं, एक दिवस लख्ख तर दुसऱ्या दिवशी गोंधळ, हे आधी येऊ शकतं. अशांना भास थांबवायची गोळी परस्पर दिली तर जिवावर बेतू शकतं. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर बऱ्याचदा आधी स्वभाव बदलतो, आठवण बरीच शाबूत राहते. या लोकांनी सी शोधून काय सिद्ध होणार?

तेव्हा दादा, अपॉइंटमेंट परत घे. बी-बारा आणि थायरॉइडचंही विचार. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. आणि आत तू स्वतः जा. गेल्या महिन्यात विजेचं बिल दोनदा भरलं गेलं, हे डॉक्टरला आत्या सांगू शकणार नाही.