किडनी बरी झाली का? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, उत्तराला उशीर झाला, मध्ये पप्पांचं डायलिसिस, मग माझी नाइट शिफ्ट, मग परत डायलिसिस असंच चाललेलं. ज्यांनी सरांचं म्हणणं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी पप्पांच्या आजारपणात प्रार्थनेचा जो आधार वाटला त्याबद्दल लिहिलेलं, त्यावर सर म्हणतात की ती नुसती मनाची समजूत आहे, देवाने किडनी बरी केली नाही तर आभार कसले मानता, आणि असलं वाचूनच लोक गोळ्या सोडून प्रार्थनासभांना पळतात. शेवटी त्यांच्या मावशींच्या डायलिसिसबद्दल एक प्रश्न आहे, त्याच्यावर येतोच.

किडनी बरी झालेली नाही. होणार पण नाही, डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलेलं, शुगर आणि बीपीने इतकी वर्षं पोखरलेली किडनी परत येत नसते. आता आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, म्हणजे जे काम किडनी आठवड्याचे १६८ तास न थांबता करते ते मशीनने १२ तासांत उरकायचं, आणि मधल्या वेळेत जे साचतं ते माणसाने अंगावर काढायचं. मी कुठेही चमत्कार झाला असं लिहिलेलं नाही, तुम्ही परत वाचून बघा.

पण तुम्हाला 'आधार' या शब्दाने नेमकं काय वाटलं ते मला माहीत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. आमची वाडी आगाशीकडे, राजेळी केळींची. पप्पांचं आयुष्य केळीत गेलं, सुकेळी घालायची, उन्हात फिरवायची, चांगली निघाली की पहिली स्वतः खायची आणि मग गिऱ्हाईकाला. आता केळं बंद, नारळपाणी बंद, कारण दोन्हींत पोटॅशियम, आणि किडनी ते बाहेर टाकत नाही, रक्तात वाढलं की थेट हृदयाचे ठोके बिघडतात. स्वतःच्या वाडीत बसून स्वतःचं केळं खाता येत नाही हे त्यांनी कसंबसं घेतलं, पण पाणी? दिवसाला मोजून पाणी, चहा आणि आमटी धरून, आणि एप्रिल-मेमधली वसईची चिकचिक तुम्हाला वेगळी सांगायला नको. ते बर्फाचा तुकडा तोंडात धरून बसायचे आणि आमच्यापैकी कोणी फ्रिज उघडला की तिकडे बघायचे, आम्ही मग चोरून पाणी प्यायला लागलो, घरातल्या घरात.

त्या वर्षी गुड फ्रायडेला त्यांनी हट्ट केला की चर्चला यायचंच. त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूचं दुःखसहन, म्हणजे अटकेपासून क्रुसावरच्या मरणापर्यंतचं, पूर्ण वाचतात, बराच वेळ चालतं, लहानपणापासून ऐकत आलेलो त्यामुळे निम्मं लक्ष नसतं खरं सांगायचं तर. क्रुसावरचं येशूचं ते वाक्य आलं, "मला तहान लागली आहे" (त्यावर त्याला आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, देतात), आणि पप्पांनी माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाले, "त्याला आंब तरी दिली, मला डॉक्टर ती पण देणार नाय." आणि हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तहान कमी झाली का त्याने? नाही हो. पुढच्या डायलिसिसला अंगात पाणी साचून वजन काट्यावर तेवढंच वाढलेलं, सिस्टर तेवढ्याच ओरडल्या. पण तोपर्यंत पप्पांना वाटायचं की हे जे चाललंय ते अगदी एकट्याचं आहे, घरात कोणाला कळत नाही, आणि खरंच कळत नव्हतं आम्हाला, आम्ही तर पाणी पीत होतो. त्यांना ज्याच्यावर विश्वास आहे त्याला ते कळलं असं वाटलं. मी आधार म्हणतो तो एवढाच, यापेक्षा जास्त काही नाही, आणि तो मला कमी वाटत नाही.

आता समजूत. मनाची समजूतच काढायची असती ना सर, तर बायबल हे त्याला फारसं सोयीचं पुस्तक नाही. ८८ वं स्तोत्र काढा. आजारी, मित्रांनी टाकलेला माणूस देवाला सरळ विचारतो की तू तोंड का लपवतोस, आणि ते अंधारावरच संपतं, शेवटी 'पण तू माझं ऐकलंस' वगैरे काही येत नाही. इतर बऱ्याच स्तोत्रांत शेवटाकडे सूर बदलतो, इथे बदलत नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच ठेवलंय. माझी आई पप्पांच्या शेजारी हेच वाचायची, मला आधी वाटायचं काय हे अपशकुनी, दुसरं काही वाच ना. ती म्हणायची गोड गोड आज नको.

आणि लोकांचे खुलासे तर विचारूच नका. भावाची नोकरी गेली, आईच्या बांगड्या गहाण पडल्या, तेव्हा एक नातेवाईक घरी येऊन आमच्याच खुर्चीत बसून सांगून गेले की घरात कोणाचं तरी पाप आहे. बायबलमध्ये ईयोब आहे, चांगला असून सगळं गमावलेला माणूस, त्याचे मित्र सात दिवस त्याच्या शेजारी गप्प बसले तोपर्यंत बरे होते, तोंड उघडलं आणि वाट लागली, कारण त्यांना कारण सांगायचं होतं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. जन्मांध माणूस बघून शिष्यांनी विचारलं पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तेव्हा येशूने दोन्हीला नाही म्हटलं, योहान नववा अध्याय. हे मी त्या नातेवाईकांना तेव्हाच ऐकवायला हवं होतं पण चहा ठेवलेला गॅसवर.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याच बाजूला उभा आहे, फक्त तुम्ही सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंत. आम्हाला पण एका सभेला न्यायचा आग्रह झालेला, तिथे म्हणे गोळ्या बंद करून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने बरं केलं असं सगळ्यांसमोर सांगायचं. पप्पा स्वतःच म्हणाले, मशीन चुकलं तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच मला खांदा द्याल. असे लोक आहेत आणि त्यांचा मला तुमच्याइतकाच राग येतो. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो आमच्यातल्यांना पण लागू आहे, वापरा बिनधास्त. खुद्द व्हॅटिकनने २००० साली रोगमुक्तीच्या प्रार्थनांवर सूचना काढली, त्यात सभांमधला उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको असं स्पष्ट आहे. आणि आमच्या कॅथलिक बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे, त्याचा ३८ वा अध्याय वाचा, डॉक्टरचा मान राखा, औषधं देवानेच जमिनीतून उगवली, शहाणा माणूस ती नाकारत नाही, आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि मग वैद्याला जागा दे. दोन्ही एका दमात सांगितलंय.

फादर घरी येऊन प्रार्थना करत आजाऱ्याला पवित्र तेल लावतात त्याबद्दल पण तुम्ही टोमणा मारलाय. आमच्या आजीच्या पिढीला फादर तेलाची डबी घेऊन आले म्हणजे माणूस गेलाच असं वाटायचं, कारण ते मरणाच्या दारातच द्यायची पद्धत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा), १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी विधी बदलला, तो आजाऱ्यांसाठी आहे, परत परत घेता येतो, आणि ऑलिव्हचं तेल मिळत नसेल तिथे दुसरं वनस्पतीचं तेल चालतं (म्हणजे आपल्याकडे खोबरेल पण चालावं, मला ही गोष्ट फार आवडते). कपाळाला आणि हातांना लावतात. पप्पांनी फिस्टुलाचा हात (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडलेला) पुढे केला, फादरनी विचारलं दुखेल का, मग अगदी हलक्या बोटाने लावलं. त्याच संध्याकाळी आम्ही डायलिसिसला गेलो, वेळेवर.

राहिले आभार. भावाचा पगार बंद होता ते महिने विन्सेंट दी पॉल सोसायटी या चर्चमधल्या मदत करणाऱ्या संस्थेच्या माणसांनी इंजेक्शनचे पैसे दिले, कोणाला न सांगता, आळीतल्या एकाने टेम्पोतून ने-आण केली. तुम्ही म्हणाल ही माणसं झाली, देव कुठे आला. बरोबर आहे, माणसंच. पप्पा त्यांचे आभार त्यांच्या तोंडावर मानतात आणि रात्री रोझरीत, म्हणजे माळेच्या प्रार्थनेत, परत मानतात, दोनदा मानल्याने कोणाचं काय गेलं मला कळत नाही. तुम्हाला एकदाच मानायचे असतील तर तसं करा, वाद नाही.

आता मावशी. त्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय म्हणालात. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्यांच्या हॉस्पिटलमध्ये ती योजना आहे का ते आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम कमी होतं, पण काय किती खायचं ते डाएटिशियनकडून लिहून घ्या, माझ्यावर जाऊ नका. मीठ कमी केलं की तहान पण कमी लागते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ विकतात ते अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियमच असतं. आणि फिस्टुला केला की त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका, रक्त काढू देऊ नका, नवीन स्टाफ असला की विसरतात, मावशींना स्वतःलाच सांगायला शिकवा.